सोमवारची फेरपरीक्षा

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. वकिलाला वीस मिनिटं देऊन त्याच्याकडून ती पाळली जातील अशी आशा धरणं हे फक्त शाळेतल्या मित्रांनाच सुचू शकतं. मागच्या मांडवातून मसालेभाताचा वास आला की मी थांबेन. शाळेत घंटा होती, इथे तो वास.

विषयही त्यांनीच दिला. जून २०२४ मध्ये आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय गदारोळ उठला होता, आठवतंय ना? कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाच्या शेजाऱ्यांचा मुलगा, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी नीटला बसलेलं. आणि सगळ्यांचा प्रश्न मला. "अगं, तू हायकोर्टात असतेस ना, मग सांग की, परीक्षा रद्द होणार का?" मी लिहिलं, "वाट बघा." त्यावर दोघांनी रागाने ग्रुप सोडला. दोघेही आज आले आहेत, त्यामुळे उत्तर द्यायला हरकत नाही.

उत्तर द्यायला मला कोर्टापासून नाही, आपल्याच शाळेपासून सुरुवात करावी लागेल. एप्रिल १९८४. नववीची वार्षिक परीक्षा. बीजगणिताचा पेपर.

आपल्या गणिताच्या सरांचं नाव मी घेत नाही. तशी गरजही नाही, ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. तेव्हा पेपर सायक्लोस्टाइलवर निघायचे. पेपराच्या आदल्या दिवशी ऑफिसमागच्या कचऱ्यात एक स्टेन्सिल काही मुलांना सापडली. मेणकागद उजेडात धरला की अक्षरं दिसायची. पेपर झाला आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला. सरांनी चौकशी केली. चार नावं कळली, पाचवं कळेना. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सांगितलं, "बीजगणिताचा पेपर रद्द. सोमवारी सगळ्यांची फेरपरीक्षा."

केवढी आरडाओरड झाली होती! पालक शाळेत आले. "चौघांना शिक्षा करा, आमच्या पोरांना का?" असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं मी कोर्टात काय ऐकते, तर हेच वाक्य, फक्त इंग्रजीत.

आपल्या वर्गातली एक मुलगी, आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिची परवानगी मी घेतली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर. ती पहिल्या पेपरात पैकीच्या पैकी लिहून आली होती. सोमवारी तिला एकशेतीन ताप. कशीबशी बसली, निम्मा पेपर सोडवला. त्या वर्षी तिचा पहिला नंबर गेला. पहिली आले मी.

हे मनात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

परीक्षेचा वाद कोर्टात आला की सगळ्या कागदांच्या खाली प्रश्न एकच असतो. लबाडी केलेल्यांना बाकीच्यांपासून वेगळं काढता येतं का? येत असेल, तर तेवढ्यांना बाहेर काढा आणि उरलेल्यांचा निकाल राखा. येत नसेल, तर सगळी परीक्षा रद्द करा. हे तत्त्व जुनं आहे. १९७० मध्ये बिहारच्या शालान्त परीक्षेतल्या एका केंद्राचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. न्यायालय म्हणालं, सबंध केंद्रावरच परीक्षा नासली असेल, तर एकेका मुलाला बोलावून त्याची बाजू ऐकत बसण्याची गरज नाही. आपल्या सरांनी हा निकाल वाचलेला नव्हता. त्यांनी केलं मात्र तेच.

वैद्यकीय परीक्षांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त धारदार होतो, कारण जागा थोड्या आणि बसणारे लाखोंनी. शिवाय तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हातात आपण आपली नाडी देतो.

आपण अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाची एमडीची स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची परीक्षा झाली. त्यात नापास झालेला एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. आरोप असा की मुख्यमंत्र्यांच्या मुलीसाठी गुणांच्या कागदात मागाहून बदल केले. न्यायमूर्तींनी ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल डिसेंबर १९८६ मध्ये लागला. त्या निकालातली एक गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. तक्रार करणारा स्वतःच्या फायद्यासाठी आला असला, तरी त्याने दाखवलेली गोष्ट सार्वजनिक हिताची असेल तर न्यायालय तिच्यात लक्ष घालू शकतं. नापास झालेला माणूस ओरडतोय म्हणून त्याचं खोटंच, असं समजायचं नाही.

दुसरी जुनी गोष्ट १९८३ ची, उत्तर प्रदेशातली. तिथल्या संयुक्त पूर्ववैद्यकीय परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरसूचीच काही ठिकाणी चुकली होती. मुलांनी पाठ्यपुस्तकं काढून दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला, तो आजही चालतो. उत्तरसूची बरोबर आहे असंच धरून चालायचं, पण ती उघडउघड चुकीची असल्याचं दाखवून दिलं, तर बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शिक्षा होता कामा नये. मुलं जिंकली.

आता रद्द झालेल्या परीक्षेकडे येते. ३ मे २०१५ ला अखिल भारतीय पूर्ववैद्यकीय परीक्षा झाली, साडेसहा लाखांच्या आसपास मुलांची. हरयाणात रोहतकला पोलिसांनी टोळी पकडली. बनियनमध्ये सिमकार्डाचं यंत्र शिवलेलं, कानात ब्लूटूथ, बाहेरून उत्तरं येत होती. फायदा घेतलेले ४४ जण तपासात सापडले. सीबीएसईचं म्हणणं, चव्वेचाळीस जणांसाठी लाखोंना पुन्हा बसवू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. ही जाळी किती राज्यांत पसरली होती याचा थांग लागत नव्हता, सापडले तेवढेच होते असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. १५ जून २०१५ ला परीक्षा रद्द झाली आणि २५ जुलैला पुन्हा घेतली गेली.

आणि २०२४. ५ मे २०२४ ला ५७१ शहरांतल्या ४,७५० केंद्रांवर २३ लाखांहून जास्त मुलं बसली. १४ जूनला लागायचा निकाल ४ जूनला लागला. ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे ६७. इथून ग्रुपवर आग लागली. त्यातल्या सहा जणांना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण मिळाले होते. असे वाढीव गुण एकूण १,५६३ मुलांना दिले होते, तेही २०१८ च्या क्लॅट या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी काढलेल्या सूत्राने. क्लॅट संगणकावर झाली होती. नीट कागदावर. ते गुण काढून घेतले गेले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. १,५६३ पैकी ८१३ जणच बसले.

मग पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले होते, कारण जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात वेगळं होतं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तिघा तज्ज्ञांकडून अहवाल मागवला. बरोबर पर्याय एकच होता. चार लाखांहून जास्त मुलांचे गुण बदलले. पूर्ण गुण मिळवणाऱ्यांतले ४४ जण खाली आले आणि ६७ चे अखेर १७ राहिले. १९८३ चा तो नियम चाळीस वर्षांनी पुन्हा कामाला आला.

पेपर फुटला होता का? फुटला होता. हजारीबाग आणि पाटण्याला फुटला हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. सीबीआयच्या तपासात तोवर १५५ मुलांना त्याचा फायदा झाल्याचं दिसत होतं. तरीही २३ जुलैला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. न्यायालयाने केंद्रवार निकाल जाहीर करायला लावले, आकड्यांची छाननी झाली. सगळ्या देशभर परीक्षा नासल्याची खूण त्यात दिसली नाही, आणि फायदा घेणारे ओळखून वेगळे काढता येतील असं वाटलं.

२०१५ ला ४४ जणांवरून रद्द आणि २०२४ ला १५५ असूनही कायम, हे कसं? ग्रुपवरच्या मित्रांनो, आकडा महत्त्वाचा नाही. फुटलेलं पाणी कुठवर गेलं हे दाखवता येतं का, हे महत्त्वाचं. हे मला त्या जूनमध्ये दोन ओळींत लिहिता आलं असतं. तेव्हा पुरावाच समोर आला नव्हता, म्हणून "वाट बघा" म्हणाले.

पण वाट बघण्याची किंमत असते. मध्य प्रदेशात व्यापमच्या माध्यमातून २००८ ते २०१२ या काळात गैरमार्गाने एमबीबीएसला शिरलेल्या ६३४ जणांचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्दच ठरवले. तोवर त्यातल्या अनेकांचं शिक्षण पूर्ण झालं होतं. त्यांचं ज्ञान समाजाच्या कामी लावावं असंही एक मत पुढे आलं होतं. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते नाकारलं. निकाल बरोबर होता असंच मी म्हणेन. पण त्या ६३४ जागांवर ज्यांना बसायला हवं होतं ती प्रामाणिक मुलं तोवर कुठे गेली? त्यांना शोधून जागा देणारा हुकूम कुठलंच न्यायालय काढू शकत नाही.

आपल्या सोलापूरचं उदाहरण सांगते. सप्टेंबर २०२१ च्या नीटमध्ये तिथल्या एका केंद्रावर प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांच्या संकेतांकांची अदलाबदल झाली. दोन मुलं मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्या दोघांची फेरपरीक्षा घ्या असं सांगितलं. प्रकरण दिल्लीला गेलं. दोन मुलांसाठी लाखो मुलांचा निकाल थांबवता येणार नाही, म्हणून ऑक्टोबरअखेर निकाल मोकळा झाला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षेचा हुकूमही रद्द केला. सहानुभूती व्यक्त केली, पण फक्त दोघांची परीक्षा पुन्हा घेणं अवघड आहे असं म्हटलं. वेगळं काढता येणं हे लबाडांच्या बाबतीत न्यायाचं साधन असतं. अन्याय झालेल्यांच्या बाबतीत, ते मोजकेच असले की तेच त्यांच्या मुळावर येतं. घोटाळ्यात हजारो सापडले तर दाद लागते. दोघे सापडले तर दोघे एकटे पडतात.

अशीच एकटी पडलेली एक मुलगी माझ्या ऑफिसात आली होती. तालुक्याची मुलगी, वडील शेतकरी. तिच्या खोलीत पेपर वीस मिनिटं उशिरा वाटला आणि वेळेवर गोळा केला. निकाल लागल्यावर, पाच आठवड्यांनी, दोघे माझ्याकडे आले. मी विचारलं, "केंद्रावर काही लिहून दिलंत?" "पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, वर कळवते." "खोलीतल्या इतर मुलांची नावं, नंबर?" "नाही." "त्या रात्री ईमेल?" "नाही." याचिका करता आली असती. फी मी घेतली नसती. पण उभं राहायला पायाखाली काही नव्हतं, आणि मुलीचं तयारीचं वर्ष त्यात गेलं असतं. वडील उठताना म्हणाले, "म्हणजे आम्ही खोटं बोलतोय, असं म्हणता का मॅडम?" मी म्हणाले, "नाही दादा, तुम्ही खरं बोलताय. पण ते दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही." पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली आणि बीएएमएसला लागली. तिच्या वडिलांचं ते वाक्य मात्र अजून माझ्या खोलीत आहे.

म्हणून वकील म्हणून थोडं सांगते, घरी मुलांना सांगा.

परीक्षेत काही बिघडलं तर त्याच दिवशी, केंद्र सोडण्याआधी, लिहून द्या. किती वाजता पेपर मिळाला, खोली कुठली, पर्यवेक्षक काय म्हणाले, आजूबाजूच्या चार मुलांचे बैठक क्रमांक. घेत नसतील, तर त्या रात्रीच परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ईमेल करा. तात्पुरती उत्तरसूची आली की ती तपासा. आक्षेपाला थोडे पैसे पडतात आणि दिवसही थोडेच मिळतात, पण तीच खरी संधी. विद्यापीठाच्या परीक्षेत शंका असेल, तर माहितीच्या अधिकारात आपली उत्तरपत्रिका पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ते मान्य केलं आहे. न्यायालयाने पेपर पुन्हा तपासून द्यावा ही अपेक्षा मात्र ठेवू नका, ते काम न्यायाधीश करत नाहीत. आणि यायचं असेल तर लगेच या. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, जागा भरल्या, की तुमच्या समोर सरकार नसतं, दुसऱ्या कुणाचं तरी मूल असतं.

२१ जून २०२४ पासून सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा नवा कायदा लागू झाला आहे. पेपर फोडणाऱ्याला तीन ते पाच वर्षं, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. चांगलं आहे. पण शिक्षा पेपर फुटल्यानंतर होते.

आपल्या तुकडीतल्या डॉक्टरांशी आता दोन शब्द. तुमच्यापैकी काही जण परीक्षक आहात, काही विभागप्रमुख. तोंडी परीक्षेचे गुण तुमच्या पेनातून उतरतात. कुणाचा तरी फोन येतो, "आपलाच मुलगा आहे, जरा बघा." १९८५ च्या त्या प्रकरणात पेपर फुटला नव्हता, गुणांच्या कागदावर हात फिरल्याचा आरोप होता. तो कागद तुमच्याच टेबलावर असतो. तिथे कोर्ट पोचतं ते फार उशिरा, आणि तेही कुणीतरी नापास झालेला पदर खोचून उभा राहिला तरच.

आता सोमवारकडे येते.

चार नावं कळली, पाचवं कळलं नाही, असं मी म्हणाले. पाचवी मी होते. स्टेन्सिल माझ्या हातात दिली गेली, मी ती खिडकीकडे धरली आणि शेवटचे दोन प्रश्न वाचले. पहिल्या पेपरात ते सोडवले. सरांनी फक्त सापडलेल्या चौघांना वेगळं काढलं असतं, तर मी सुटले असते आणि माझा लबाडीचा निकाल कायम राहिला असता. म्हणून कोर्टात कुणी "सापडले तेवढ्यांना काढा" म्हणालं, की मला एक क्षण खिडकी दिसते. आणि फेरपरीक्षा ही काही निर्दोष गोष्ट नाही, हेही मला तिथेच कळलं. सोमवारचा पेपर मी प्रामाणिकपणे लिहिला, आणि पहिल्या नंबराचं बक्षीस घेतलं ते तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीचं. ज्या मुलीने काहीही केलं नव्हतं, तिचं.

तिने मला पुढे खूप वर्षांनी एक गोष्ट सांगितली. निकालाच्या दिवशी संध्याकाळी सर तिच्या घरी गेले होते. ओसरीवर उभं राहूनच म्हणाले, "बाळ, स्टेन्सिल मी जाळायला हवी होती. चूक माझी, आणि किंमत तू दिलीस." चहासुद्धा न घेता निघून गेले.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ परीक्षा मंडळांची प्रतिज्ञापत्रं वाचली आहेत. एकाही कागदावर हे वाक्य मला सापडलेलं नाही. पेपर रद्द होवो वा न होवो, ते वाक्य म्हणायला कुणी बंदी केलेली नसते.

तिसऱ्या रांगेला मी आज सकाळीच सगळं सांगितलं. तिने माझा कान पकडला, आणि मग चहा पाजला. सरांना मात्र तुमच्याबरोबर आत्ताच कळतंय. सर, अंगठे धरायला सांगितलंत तर धरीन, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एवढं ध्यानात ठेवा.

मसालेभाताचा वास आला. थांबते.